बालसाहित्याची चर्चासत्रे आणि कपाटाची किल्ली

बालसाहित्य ह्या विषयावर शिक्षक व लेखक ह्यांची चर्चासत्रे भरविणे महाराष्ट्राला आता नवीन राहिलेले नाही. साहित्यसंस्था, अध्यापक विद्यालये, शिक्षकांच्या संघटना आणि मोठी ग्रंथालये अशी चर्चासत्रे अधूनमधून घडवून आणतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, बीजभाषण, जेवणापूर्वी एक व जेवणानंतर दोन परिसंवाद, अखेरीस ठराव आणि आभारप्रदर्शन असा त्यांचा क्रम ठरून गेला आहे. विषयही बहुधा ठरलेले असतात : बालसाहित्य आणि संस्कार, बदलते बालपण, मुले का वाचत नाहीत. लेखक शिक्षकांना सांगतात, की मुलांना वाचनाची गोडी लावा; शिक्षक लेखकांना सांगतात, की गोडी वाटेल असे लिहा. मग दोघे मिळून पूर्वी दूरचित्रवाणीला आणि आता मोबाइलला दोष देतात आणि संध्याकाळच्या एसटीने आपापल्या गावी परततात.

ह्या मेळाव्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. एरवी एकमेकांची तोंडेही न पाहणारी माणसे त्यानिमित्ताने एकत्र येतात, हा लाभ लहान नाही. तथापि, एक उणीव सातत्याने जाणवते. लेखकाच्या टेबलापासून मुलाच्या हातापर्यंत पुस्तकाचा जो प्रवास होतो, त्याची दोन टोके तेवढी चर्चासत्रात हजर असतात. मधल्या वाटेचा विचार कार्यक्रमपत्रिकेत नसतो. पुस्तक कोण निवडतो, कोण विकत घेतो, किती प्रती छापल्या जातात, शाळेत आल्यावर ते कोठे ठेवले जाते आणि फाटले तर त्याची भरपाई कोणाच्या माथी बसते, हे प्रश्न साहित्याचे नाहीत असे समजून ते बाजूला ठेवले जातात. वस्तुतः मराठी बालसाहित्याचे आजचे दुखणे लेखणीपेक्षा ह्या मधल्या वाटेवर अधिक आहे. तिकडे लक्ष न देता काढलेला कोणताही निष्कर्ष अपुरा राहणार.

शिक्षक हाच लेखक

मराठीत मुलांसाठी लिहिण्याची परंपरा तोकडी आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांचे ‘बाळमित्र’ व इसापाच्या कथांचे भाषांतर १८२८ सालातले. म्हणजे मराठी गद्याची छापील घडण होत असतानाच मुलांच्या पुस्तकांचीही घडण होत होती. विनायक कोंडदेव ओक ह्यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केले व ते दीर्घकाळ चालविले. वासुदेव गोविंद आपटे ह्यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये निघाले. पुढे भा. रा. भागवतांनी मराठी मुलांना ज्यूल व्हर्नची ओळख करून दिली आणि ‘फास्टर फेणे’ हा अस्सल मराठी नायकही दिला. विंदा करंदीकरांसारख्या कवीला ‘राणीची बाग’ (१९६१) आणि ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) लिहिताना आपण दुय्यम दर्जाचे काही करीत आहोत असे वाटले नाही. अलीकडच्या काळात माधुरी पुरंदरे ह्यांनी शब्द आणि चित्र ही दोन्ही अंगे सारख्याच सामर्थ्याने हाताळून मराठी चित्रपुस्तकाला प्रतिष्ठा मिळवून दिली. साहित्य अकादेमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कारही ठेवला आहे.

ह्या परंपरेत चर्चासत्रांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची गोष्ट अशी, की तिच्यातले कित्येक लेखक मुळात शिक्षक होते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली, हे सर्वांना माहीत आहे. त्याआधीची काही वर्षे ते अमळनेरच्या शाळेत शिकवीत होते, तेथील छात्रालयाची जबाबदारी सांभाळीत होते आणि मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत होते, ह्याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. आपला वाचक समोर बसलेला असून उद्या सकाळी तोच आपल्याला तोंडावर सांगणार आहे, की कालचे आवडले की नाही, अशा परिस्थितीत तो हात तयार झाला होता. सायंकाळी सांगितलेल्या गोष्टी हेच ‘श्यामची आई’चे रूप आहे, ते उगीच नव्हे.

ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका ह्यांचे उदाहरणही तसेच. गिजुभाई मूळचे वकील. भावनगरच्या बालमंदिरात त्यांनी मुलांना गोष्टी सांगितल्या, त्या लिहून काढल्या आणि लिहिलेल्या पुन्हा मुलांपुढे तपासून घेतल्या. ताराबाईंनी हे काम पुढे ठाणे जिल्ह्यात (आताच्या पालघरमध्ये) आणले. कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ ह्यांनी आदिवासी मुलांसाठी जे प्रयोग केले, त्यांत गुरे राखणाऱ्या मुलांपर्यंत शाळाच घेऊन जाणारी ‘कुरणशाळा’ होती. मूल येत नसेल तर आपण जावे, असा साधा विचार त्यामागे होता.

आज शिक्षक आणि बालसाहित्यिक हे दोन वेगळे वर्ग झाले आहेत. लेखक शहरात, शिक्षक खेड्यात. लेखकाच्या हाती भाषा आहे, शिक्षकाच्या समोर मुले आहेत. दोघांना एका सभागृहात आणणे ह्यासाठीच अगत्याचे ठरते. प्रश्न इतकाच, की आणल्यावर त्यांनी बोलावे कशाविषयी?

गरज आणि मागणी

अर्थशास्त्राच्या पहिल्या काही धड्यांत गरज आणि मागणी ह्यांतला भेद विद्यार्थ्याला शिकविला जातो. वस्तू हवीशी वाटणे ही गरज. ती घेण्याची ऐपत आणि पैसे मोजण्याची तयारी त्या गरजेच्या जोडीला असली, म्हणजे ती मागणी होते. बाजार मागणीलाच दाद देतो, गरजेला देत नाही. बालसाहित्याचा विचार करताना हा भेद मुळाशी ठेवला पाहिजे, कारण येथे वाचक एक आणि ग्राहक दुसराच असतो. आठ वर्षांच्या मुलाला गोष्ट हवी असते. पण पैशाचा कसा बापाच्या कमरेला असतो, पुस्तकाची यादी अधिकाऱ्याच्या टेबलावर असते आणि कपाटाची किल्ली शिक्षकाच्या खिशात असते. मुलाची आवड ह्या तिघांच्या मान्यतेतून गाळून येते आणि जे उरते तेच प्रकाशकाला मागणी म्हणून दिसते.

मराठी बालसाहित्यात बोधाचा अतिरेक असतो, ही तक्रार गेली कित्येक वर्षे प्रत्येक चर्चासत्रात ऐकू येते आणि त्याचा दोष लेखकांच्या कल्पनादारिद्र्याला दिला जातो. ह्या तक्रारीचे अधिक समाधानकारक उत्तर वरील भेदात आहे. पुस्तक विकत घेणारा प्रौढ माणूस ‘ह्यातून माझ्या मुलाला काय मिळणार?’ असे विचारतो. ‘मजा मिळेल’ हे उत्तर त्याला पैसे खर्च करण्यास पुरेसे वाटत नाही. ‘संस्कार मिळतील’, ‘सामान्यज्ञान वाढेल’, ‘स्पर्धा परीक्षेला उपयोग होईल’ ही उत्तरे पुरेशी वाटतात. साहजिकच थोर पुरुषांची त्रोटक चरित्रे, बोधकथा, प्रश्नमंजूषा आणि शब्दकोडी ह्यांचे ढीग दुकानात लागतात. लेखक व प्रकाशक त्या ग्राहकाला ओळखून असतात. ज्याच्यासाठी पुस्तक आहे त्याला ओळखण्याची सक्ती त्यांच्यावर कोणीही करीत नाही.

ह्याचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. बालपुस्तके स्वतःच्या पैशाने विकत घेणारा वर्ग प्रामुख्याने शहरी मध्यमवर्ग आहे. त्यामुळे पुस्तकांतली घरे, सुट्ट्या, आजी-आजोबा, शाळा, अगदी खोड्यासुद्धा त्या वर्गाच्या असतात. ऊसतोडीला आईबापांबरोबर सहा महिने स्थलांतर करणारे मूल, घरी भिली, गोंडी किंवा वारली बोलून शाळेत प्रमाण मराठीशी झगडणारे मूल, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वर्गात बसणारी मुलगी ह्यांना पुस्तकाच्या पानांत स्वतःसारखे कोणी भेटणे हा अजूनही अपवाद आहे. हे लेखकांच्या मनात नसते असे नाही. परंतु ज्यांची मागणी बाजारात नोंदलीच जात नाही, त्यांच्याविषयी लिहिणे हे केवळ लेखकाच्या सद्भावनेवर अवलंबून राहते आणि सद्भावनेवर कोणतेही उत्पादन फार काळ चालत नाही.

एका पुस्तकाचा हिशेब

बालपुस्तके महाग असतात, ही दुसरी नेहमीची तक्रार. रंगीत चित्रपुस्तकाच्या बाबतीत ती खरीही आहे. मात्र किंमत कशी ठरते हे पाहिल्याखेरीज तिच्यावर उपाय सापडणार नाही. समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडता येईल. लेखक, चित्रकार, संपादन, मांडणी ह्यांवर एका पुस्तकासाठी एक लाख वीस हजार रुपये खर्च आला आणि कागद व छपाई मिळून प्रत्येक प्रतीला चाळीस रुपये पडले, असे धरू. हजार प्रती काढल्या, तर पहिल्या खर्चाचा प्रत्येक प्रतीवर एकशे वीस रुपये भार पडतो आणि प्रत एकशे साठ रुपयांना पडते. दहा हजार प्रती काढल्या, तर हाच भार बारा रुपयांवर येतो आणि प्रत बावन्न रुपयांत तयार होते. चित्रकाराला कमी पैसे देण्याची किंवा कागद हलका वापरण्याची गरज नाही. केवळ प्रतींची संख्या वाढली, की किंमत तिसऱ्या हिश्श्यावर येते. प्रती वाढण्यासाठी मागणीची खात्री हवी आणि मागणी वाढण्यासाठी किंमत कमी हवी, अशा चक्रात मराठी प्रकाशक सापडला आहे. त्यात करव्यवस्थेची एक गोम आहे. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. पण पुस्तक करमुक्त असल्यामुळेच कागदावर भरलेला कर प्रकाशकाला वळता करून घेता येत नाही; तो अखेर पुस्तकाच्या किमतीतच लपतो.

हे चक्र बाहेरून धक्का दिल्यास कसे फिरते, ह्याचे एक उदाहरण मराठी वाचकांच्या एका पिढीने अनुभवले आहे. मॉस्कोच्या ‘प्रगती’ आणि ‘रादुगा’ ह्या प्रकाशनसंस्थांची मराठीत भाषांतरित झालेली बालपुस्तके सत्तर-ऐंशीच्या दशकांत महाराष्ट्रात गावोगावच्या प्रदर्शनांतून विकली जात. उत्तम कागद, भरघोस चित्रे आणि नाममात्र किंमत. ह्यामागे एका राज्यसत्तेचा राजकीय हेतू होता आणि तिचा पैसा होता, हे उघड आहे. पण ‘चुक आणि गेक’ वाचणाऱ्या मुलाला त्या राजकारणाशी कर्तव्य नव्हते. शिक्षक, कारकून, गिरणी कामगार ह्यांच्या घरांत ही पुस्तके पोहोचली आणि वाचून वाचून जीर्ण झाली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि ती येण्याचे थांबले. मराठी घरांना चित्रपुस्तकांची आवड नाही, ही समजूत खोटी असल्याचा पुरावा त्यांनी मागे ठेवला. अडचण किमतीची होती.

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने ‘नेहरू बाल पुस्तकालय’ ही माला अनेक भारतीय भाषांतून एकच चित्रे वापरून काढली. चित्रांचा खर्च अनेक भाषांत वाटला गेल्याने किंमत आटोक्यात राहिली. राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे बालभारतीने, नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘किशोर’ सुरू केले. खाजगी मासिके एकामागून एक बंद पडत असताना, घराघरांत पोहोचलेला ‘चांदोबा’सुद्धा टिकू शकला नसताना, ‘किशोर’ने पन्नाशी ओलांडली, ह्याचे श्रेय संपादकांना आहे तसेच त्यामागच्या संस्थात्मक आधारालाही आहे. २००४ मध्ये निघालेल्या ‘प्रथम बुक्स’ने मोठ्या संख्येने व अल्प किमतीत अनेक भाषांतली पुस्तके काढून तोच धडा गिरविला. बंगालमध्ये १९१३ मध्ये सुरू झालेले ‘संदेश’ मासिक बंद पडल्यावर १९६१ मध्ये सत्यजित राय ह्यांना ते पुन्हा उभे करावेसे वाटले. तेथेही एका घराण्याचा आधार त्या मासिकाला मिळाला होता. बालसाहित्य निव्वळ बाजारावर सोडून कोणत्याही भाषेत फारसे बहरलेले नाही.

घसारा कोणी सोसायचा?

असा आधार शासनाने कायद्याने मान्यही केला आहे. १९८७ च्या ‘खडू-फळा’ मोहिमेत प्राथमिक शाळांना द्यावयाच्या साहित्यात पुस्तकांचा समावेश होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्र, नियतकालिके व गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद केली गेली. वरच्या काल्पनिक हिशेबाला धरून पाहिले आणि विक्रेत्याचे कमिशन क्षणभर बाजूला ठेवले, तर पाच हजारांत हजार प्रतींच्या भावाने एकतीस आणि दहा हजारांच्या भावाने शहाण्णव पुस्तके येतात. रक्कम तुटपुंजी आहे. पण एका लहान शाळेत दरवर्षी शंभर नवी पुस्तके येणे ही गोष्ट सामान्य नाही.

मग पुस्तके गेली कोठे? ती कपाटात आहेत. शाळेत आलेले पुस्तक साठा नोंदवहीत चढते. टेबल, खुर्ची, घंटा आणि तराजू ह्यांच्या पंगतीत ‘गोपाळ आणि वाघ’ अशा एखाद्या गोष्टीलाही क्रमांक मिळतो. बदली झाली, की कार्यभार देताना ती वस्तू मोजून द्यावी लागते आणि तपासणीत कमी भरली तर खुलासा द्यावा लागतो. अशा स्थितीत पुस्तक मुलांच्या हाती देणारा शिक्षक जोखीम पत्करतो आणि कुलूप लावून ठेवणारा निर्धास्त राहतो. कोणी वाईट वागत नाही. सर्वजण नियमाने वागतात. त्याचा परिणाम म्हणून दहा वर्षांपूर्वीची पुस्तके कोरी करकरीत अवस्थेत सापडतात आणि तपासणीच्या शेऱ्यात ‘ग्रंथालय सुस्थितीत’ अशी नोंद होते.

हिशेबाच्या भाषेत हा घसाऱ्याचा प्रश्न आहे. यंत्र वापरले, की झिजते आणि ती झीज दरवर्षी खर्ची टाकली जाते. वापरूनही न झिजणारे यंत्र कोणताही हिशेबनीस मान्य करणार नाही. लहान मुलाच्या हातातले पुस्तक चार-सहा महिन्यांत खिळखिळे व्हावे, हीच त्याच्या उपयोगाची खूण. तेव्हा शाळेतील गोष्टींच्या पुस्तकांना टिकाऊ वस्तूंच्या नोंदीतून काढून खडूप्रमाणे वापरून संपणाऱ्या वस्तूंत धरणे, निदान दरवर्षी त्यांचा ठरावीक हिस्सा शिक्षकाला कोणताही जाब न विचारता निर्लेखित करण्याची मुभा देणे, ही सुधारणा एका परिपत्रकाने होऊ शकते. तिला नवा पैसा लागत नाही. मराठी बालसाहित्याच्या प्रसाराला शंभर भाषणांनी होणार नाही तेवढी मदत त्या एका परिपत्रकाने होईल.

निवडीचेही तसेच. जेथे पुस्तकांची यादी वरून येते, तेथे जिल्ह्यातील सर्व शाळांना तीच पुस्तके मिळतात. धडगावच्या शाळेला आणि चिपळूणच्या शाळेला एकच यादी चालेल असे गृहीत धरले जाते. यादीत नाव लागले, की प्रकाशकाचे वर्ष निघते; साहजिकच त्याचे लक्ष मुलांपेक्षा यादीकडे राहते. निवडीचा अधिकार शाळेकडे गेला, तर चुका होतील, काही रद्दी पुस्तकेही घेतली जातील. पण त्या चुकांतून शिक्षकाची दृष्टी तयार होईल आणि प्रकाशकाला शिक्षकाचे म्हणणे ऐकावे लागेल.

दोन आक्षेप

ह्यावर एक आक्षेप असा येतो, की पुस्तके दिली तरी मुलांना वाचताच येत नाही, त्याचे काय? ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये सुमारे ४३ टक्के आणि २०२४ मध्ये सुमारे ४९ टक्के होती. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले वाचनाच्या उंबरठ्याबाहेर आहेत. हे आकडे पुस्तकांविरुद्ध दाखला म्हणून वापरले जातात, तेव्हा कार्यकारणाची उलटापालट होते. पोहायला येत नाही म्हणून पाण्यात सोडायचे नाही, असे म्हटल्यासारखे ते आहे. पाठ्यपुस्तकाचा तोच धडा वर्षभर घोकणारे मूल अक्षरे ओळखू लागते, पण वाचू लागते ते पुढे काय झाले हे कळावे अशी उत्सुकता लागल्यावर. ती उत्सुकता निर्माण करणे हेच गोष्टीचे काम आहे. आणि ज्याला अजून वाचता येत नाही, त्याच्यासाठी वाचून दाखविणारा शिक्षक असतोच.

दुसरा आक्षेप असा, की आता सर्व काही पडद्यावर फुकट मिळते. छापील पुस्तकांची चिंता कशाला? २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’वर अनेक भाषांतल्या सचित्र गोष्टी खुल्या आहेत, बालभारतीने ‘किशोर’चे जुने अंक संकेतस्थळावर ठेवले आहेत, अरविंद गुप्ता ह्यांनी मराठीसह अनेक भाषांतील पुस्तकांचे भांडार सर्वांसाठी खुले केले आहे. हे मोठे काम आहे आणि शिक्षकाने त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु घरातला एकुलता एक फोन दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो, हेही विसरता येत नाही. शिवाय सहा वर्षांच्या मुलाला जे पान उलटायचे असते, ज्यावर बोट ठेवायचे असते, जे उशाशी घेऊन झोपायचे असते, त्याची जागा पडदा अजून घेऊ शकलेला नाही. खुल्या गोष्टी उतरवून, शाळेत छापून, टाचून त्यांची पुस्तके करणारे शिक्षक आहेत. दोन साधनांचा असा मेळ घालणे अधिक शहाणपणाचे.

चर्चासत्राने काय करावे?

ह्या सर्वांचा चर्चासत्रांशी संबंध असा, की शिक्षक आणि लेखक एकत्र बसतात ती जागा मुलाची गरज मागणीत बदलण्याची जागा होऊ शकते. त्यासाठी कार्यक्रमपत्रिकेत थोडा बदल पुरे आहे. पहिला अर्धा दिवस भाषणांऐवजी पुस्तकांसाठी ठेवावा. गेल्या दोन-तीन वर्षांत निघालेली तीस-चाळीस बालपुस्तके टेबलांवर मांडावीत आणि शिक्षकांनी व लेखकांनी ती प्रत्यक्ष वाचावीत. बालसाहित्याविषयी बोलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे बालसाहित्याचे वाचन स्वतःच्या बालपणाशी थांबलेले असते. त्यामुळे चर्चा साने गुरुजींच्या आठवणींपलीकडे जात नाही.

दुसरे असे, की येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने शाळेच्या देवघेव वहीची नक्कल बरोबर आणावी. कोणते पुस्तक वर्षात किती वेळा नेले गेले, कोणते एकदाही हलले नाही, कोणते अर्धवट वाचून परत आले, ह्याची ती नोंद म्हणजे बालवाचकाच्या मागणीचा उपलब्ध असलेला एकमेव प्रामाणिक आकडा आहे. तो कोणत्याही समीक्षकाच्या अभिप्रायापेक्षा लेखकाला अधिक शिकवील. ज्या शाळेत अशी वहीच नाही, तेथील शिक्षकाने ती सुरू करण्याचे मनावर घ्यावे, एवढे घडले तरी चर्चासत्राचा खर्च वसूल झाला. तिसरे, शिक्षकांनी मुलांच्या तोंडची भाषा, त्यांची उत्तरे, त्यांनी सांगितलेल्या गोष्टी टिपून आणाव्यात आणि लेखकांनी त्या ऐकाव्यात. लेखकाला जी मुले ठाऊक नाहीत, त्यांच्याशी त्याची ओळख करून देणारा दुसरा कोणीही नाही.

चौथी गोष्ट पैशाची. गिजुभाईंनी १९३१ च्या सुमारास लिहिलेल्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक चौथीचा वर्ग वर्षभर हाती घेतो, गोष्टींपासून सुरुवात करतो आणि प्रत्येक मुलाने तेच ठरावीक पुस्तक विकत घेण्याऐवजी ते पैसे एकत्र करून वर्गासाठी निरनिराळी पुस्तके आणतो. चाळीस मुलांकडे एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती असण्यापेक्षा चाळीस पुस्तके असणे केव्हाही अधिक, हा सहकाराचा साधा हिशेब त्याला सुचला. सहकाराच्या बळावर साखर कारखाने आणि दूध संघ उभे करणाऱ्या महाराष्ट्रात एका केंद्रातल्या दहा शाळांनी आपापली पुस्तके एकमेकांत फिरविणे अशक्य मानण्याचे कारण नाही. प्रत्येक शाळेने निरनिराळी पुस्तके घ्यावीत, पेटी तयार करावी आणि दर महिन्याला ती पुढच्या शाळेत जावी. एका शाळेच्या अनुदानात दहा शाळांचे ग्रंथालय होते.

गावातील सार्वजनिक ग्रंथालयांनाही ह्यात ओढले पाहिजे. १९६७ च्या कायद्यानंतर राज्यात अनुदानित ग्रंथालयांचे जाळे पसरले, पण त्यांतील मुलांचा विभाग बऱ्याच ठिकाणी एका फळीपुरता असतो आणि ग्रंथालय उघडते तेव्हा मुले शाळेत असतात. चर्चासत्राला ग्रंथपालाला बोलावले, तर निदान वेळेचा तरी मेळ बसेल.

ठराव करणे हा चर्चासत्रांचा आवडता समारोप असतो आणि तसा तो करण्यास हरकत नाही. मात्र तो ‘मुलांमध्ये वाचनसंस्कृती रुजविण्यासाठी सर्वांनी प्रयत्न करावेत’ अशा कोणालाच न बांधणाऱ्या शब्दांत असू नये. शाळेतील गोष्टींची पुस्तके साठा नोंदवहीतील टिकाऊ वस्तूंतून वगळावीत, पुस्तकनिवडीचा अधिकार शाळेला द्यावा आणि ग्रंथालयाचे अनुदान शाळा सुरू होण्यापूर्वी हाती पडावे, एवढ्या तीन मागण्या त्यात नेमक्या लिहिल्या जाव्यात आणि त्याची प्रत शिक्षण खात्याकडे जावी. पुढच्या वर्षी चर्चासत्र पुन्हा भरेल, तेव्हा बीजभाषणापूर्वी पहिल्या दहा मिनिटांत ह्या तीन मागण्यांचे काय झाले ते वाचून दाखवावे आणि जमलेल्या शिक्षकांना आणखी एक प्रश्न विचारावा, की तुमच्या शाळेतील किती पुस्तके ह्या वर्षी वाचून फाटली?